आत्यांकडे गेलेलं कर्णधारपद

लिफुका बेट,
ता. ४ मे

चि. लोपेतीस,

बाबांचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र बोटीने आलं. वाटेत भिजलं होतं, पण ‘गुडघा बरा आहे’ एवढं वाचता आलं. तुझ्या आईचा त्यावर विश्वास नाही. तिने नोनूच्या पानांचा लेप पाठवला आहे. डबा उघडताना नाक लांब ठेव, आणि खोलीत दुसरं कुणी असेल तर त्याला आधी सांग.

इकडची खबर म्हणजे तुझी तोआकासे आत्या एउआहून आली आणि आठवडाभर राहून गेली. घर कसं भरून गेलं होतं. जाताना तिने शिवणयंत्र, तुझ्या आईची चांगली चटई आणि ती काळी डुकरीण नेली. डुकरीण गाभण आहे हे तिला बोटीवर कळलं, तेव्हा तिने मुद्दाम निरोप धाडला की काळजी नको, पिलांचंही मीच बघेन. माझ्या बहिणीचं मन मोठं आहे. माझ्या घरातली वस्तू आधी तिची आणि मग उरली तर माझी, हे मला माझ्या बापाने शिकवलं आणि मी तुला.

तिचा नाफे राष्ट्रीय संघात आला, हेही तिच्याकडूनच कळलं. तेव्हा आता नीट ऐक. मैदानावर तू कर्णधार असशील, पण तो तुझा आतेभाऊ, म्हणजे तुझ्याहून वरचा. त्याच्यावर आवाज चढवायचा नाही. त्याच्याआधी ताटावर बसायचं नाही. त्याच्या डोक्याला तर चुकूनही हात लावायचा नाही. रग्बीत हे कसं जमवायचं ते तू बघ, सहा वर्षं कर्णधार आहेस, एवढं तर यायला हवं.

ऑगस्टातल्या फिजीच्या सामन्याला मी येतो आहे. बोट लागते म्हणून आजवर एकदाही आलो नाही, याची मलाही लाज वाटते. तू लिहिलंस की त्यानंतर तू खेळणं सोडणार, आणि तुझं एकच मागणं आहे: संघाच्या पुढे चालत तू मैदानात उतरताना बापाने बघावं. ओकत ओकत का होईना, येईन.

कळावे. लोभ आमच्यावर असू दे आणि भार उजव्या पायावर असू दे.

तुझा,
मोसेसे


नुकुआलोफा,
ता. १७ मे

ती. बाबांस,

लोपेतीचा शि. सा. न. वि. वि. लेप मिळाला. गुडघ्याला उतार आहे आणि खोली पूर्ण माझी एकट्याची झाली आहे. आईला नमस्कार सांगा.

नाफे आला. माणूस गोड आहे आणि गळा त्याहून गोड. सकाळच्या प्रार्थनेत तो गायला लागला की न्यूझीलंडहून आलेले आमचे प्रशिक्षक हार्डिंग साहेबसुद्धा डोळे पुसतात. मात्र नंतर सराव सुरू होतो. चेंडू रेषेबाहेर गेला की तो आत फेकायचं काम नाफेचं, आणि त्याला नेम म्हणून नाही. काल चेंडू साहेबांच्या चहात पडला. साहेब मला म्हणाले, कर्णधार आहेस ना, झाप त्याला. मी काय करणार? नाफेसमोर मांडी घालून जमिनीवर बसलो आणि खाली बघून विचारलं की त्रास होणार नसेल तर चेंडू थोडा डावीकडे टाकता येईल का. त्याने बराच विचार केला आणि म्हणाला, त्रास होईल.

स्क्रममध्ये, म्हणजे दोन्हीकडचे आठ-आठ जण एकमेकांत घुसून ढकलतात तेव्हा, नाफे पुढे मधोमध असतो आणि मी मागून त्याच्या कमरेखाली डोकं घालून रेटतो. मला वाटलं इथे तो हरकत घेणार. पण तो खूश आहे. म्हणाला, तुझं डोकं माझ्या कमरेखाली, हे रीतीला धरूनच झालं.

खरी पंचाईत जेवणाची. मी नाफेच्या आधी जेवू शकत नाही, आणि संघ कर्णधाराच्या आधी जेवत नाही. नाफे उशिरा उठतो. त्यामुळे देशातली सगळ्यात दांडगी माणसं रोज सकाळी त्याच्या दाराबाहेर उपाशी बसून त्याच्या घोरण्याचा अंदाज घेत असतात. हार्डिंग साहेबांनी याला काय नाव द्यावं म्हणून घरी पत्र लिहिलं आहे.

ते असो. तुम्ही येणार हे वाचून दिवसभर पाय जमिनीवर नव्हते. बोटीत पोटाला फडकं घट्ट बांधा. मी सगळ्यांच्या पुढे असेन, ओळखायला सोपं जाईल.

कळावे. लोभ वाढता असावा, आपली डुकरं कमी झाली तसा कमी होऊ नये.

आपला,
लोपेती


एउआ,
ता. २ जून

चि. लोपेती बाळास,

आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. डुकरीण व्याली. पिलं गुबगुबीत आहेत आणि सगळ्यांची नाकं चपटी. बघितली की तुझीच आठवण येते. तुझं नाक दुसऱ्यांदा मोडलं तेव्हा मी किती रडले होते, आठवतं ना?

परवा कपाट आवरत होते. तू शाळेकडून खेळलास त्याचं पदक माझ्याकडे आहे. देशाकडून पहिल्यांदा खेळलास ती लाल जर्सी माझ्याकडेच, नाफे ती घालून मासे धरायला जातो, अजून विटली नाही. वेल्सच्या दौऱ्यावर कर्णधार म्हणून तुला मिळालेलं घड्याळही माझ्याकडे. ते चालत नाही, पण मी कधी तक्रार केली का? तुझी सगळी कारकीर्द माझ्या कपाटात आहे रे बाळा. फक्त कर्णधारपद तेवढं राहिलं आहे.

मी मागत नाही. आत्या मागत नसते, आठवण करून देते. नाफेला ते किती शोभेल, तूच विचार कर. पुढे चालायला त्याची चाल चांगली आहे. शिवाय तुला गुडघ्यामुळे ते किती जड होत असेल, या विचाराने मला घास उतरत नाही. सामोआच्या सामन्याआधी दिलंस तर बरं. त्या दिवशी आमच्या चर्चची सगळी गाणारी मंडळी बोटीने येणार आहेत, आणि मी त्यांना आधीच सांगून बसले आहे.

कळावे. लोभ आहेच, त्यात काही नवीन मागायचं नाही.

तुझी,
तोआकासे आत्या


नुकुआलोफा,
ता. १३ जून

ती. आत्यास,

लोपेतीचा शि. सा. न. वि. वि. पत्र पावलं. पिलं सुखरूप आहेत हे वाचून आनंद झाला.

कर्णधारपद आपलंच होतं. माझ्याकडे वापरायला दिलेलं होतं, ते इतकी वर्षं राहू दिलंत हे उपकार. काल ते नाफेच्या हवाली केलं. हार्डिंग साहेबांनी नियमांचं पुस्तक दोनदा चाळलं, त्यांच्या मते त्यात आत्यांचा उल्लेख नाही. ते म्हणाले कर्णधारपद ही काही बकेट नव्हे, कुणी मागितली आणि कुणी दिली. ते तावातावाने निवड समितीकडे गेले. समितीच्या अध्यक्षांनी फक्त एवढंच विचारलं की लोपेतीच्या सख्ख्या आत्याने मागितलं का. हो म्हटल्यावर ते म्हणाले, मग प्रश्न कुठे येतो? अध्यक्षांची जीप गेल्या वर्षी त्यांच्या आत्या घेऊन गेल्या, तेव्हापासून ते बैठकीला चालत येतात. साहेब परत आले आणि पुस्तक तिसऱ्यांदा चाळायला बसले.

नाफेने ते प्रेमाने घेतलं. त्याला फक्त एवढंच हवं होतं की कामाचा भाग मीच करावा.

कळावे. लोभ असावा, देण्यासारखं दुसरं आता काही आठवत नाही.

आपला,
लोपेती


लिफुका बेट,
ता. २० जून

चि. लोपेतीस,

आशीर्वाद. वि. वि. तोआकासेकडून समजलं. तू रीत पाळलीस, घराण्याचं नाव राखलंस. फक्त उत्तर द्यायला एवढे दिवस लावायला नको होते. तिला वाटलं असेल की तू विचार करत होतास. मी बोटीचं इंजिन दिलं तेव्हा तिचं वाक्य संपायच्या आत पान्हा हातात घेतला होता.

बातमी वाचून मी डुकरांना खायला घालायला गेलो आणि रिकामी बादली घेऊन तिथेच कितीतरी वेळ उभा राहिलो. तुझ्या आईने हाक मारली तेव्हा लक्षात आलं की खाणं घरातच राहिलं.

मी फिजीच्या सामन्याला येणारच. तू ओळीत कुठे असशील ते कळव, म्हणजे शोधत बसायला नको.

कळावे. लोभ ठेव.

तुझा,
मोसेसे


नुकुआलोफा,
ता. ६ जुलै

ती. लेसिएली आजींस,

आपल्या भावाचा नातू लोपेती याचा शि. सा. न. वि. वि. लहानपणी वावाऊला आलो असताना आपण माझ्या कानफटात दिली होतीत, तो मीच. आपली तब्येत, गुडघे आणि उजवा कान कसा आहे ते कळवावं.

तक्रार म्हणून मुळीच नाही, केवळ आपल्या आशीर्वादासाठी थोडं लिहितो. मी बारा वर्षं देशासाठी रग्बी खेळलो. या खेळात चेंडू हातात घेऊन समोरच्या रेषेपलीकडे टेकवायचा असतो आणि बाकीचे लोक तसं होऊ देत नाहीत. त्यात एक कर्णधार असतो. तो मी होतो. आता तोआकासे आत्यांनी मोठ्या प्रेमाने ते पद मागून घेतलं आणि नाफेला दिलं. आत्या माझ्या बाबांची बहीण, त्यांना नाही म्हणणारा आमच्या घरात जन्मला नाही, जन्मूही नये.

गेल्या शनिवारी सामोआशी सामना झाला. नाणेफेक नाफेने जिंकली. मग त्याने पाहुण्यांना विचारलं की तुम्हाला कुठली बाजू आवडेल. वाऱ्याची बाजू त्यांना आवडली. मध्येच एकदा पंचाने शिट्टी वाजवून आम्हाला निर्णय विचारला, तेव्हा नाफे आत्यांच्या गाणाऱ्या मंडळींना सूर लावून देत होता. आम्ही हरलो, पण गाणं अप्रतिम झालं. नाफे त्यानंतर माझ्या खोलीत येऊन लेपाचा वास सोसत बसला आणि म्हणाला की हे त्याला नको आहे, पण आईला परत घे कसं म्हणायचं.

मला सहज आठवलं की आपण तोआकासे आत्यांच्याही सख्ख्या आत्या. बस, एवढंच आठवलं. ऑगस्टात माझा अखेरचा सामना आहे आणि बाबा पहिल्यांदाच येत आहेत. आपण माझ्यासाठी प्रार्थना करावी.

कळावे. लोभ असावा, आणि तो थोडा लवकर असावा.

आपला,
लोपेती


वावाऊ,
ता. १९ जुलै

लोपेती,

आशीर्वाद. माझा उजवा कान गेला, डावा नको तेवढं ऐकतो. गुडघ्यांचं नाव काढू नकोस. मी तुला मारलं ते आठवत नाही, पण कारण असणार.

तुझं पत्र पाद्रीबाबांकडून दोनदा वाचून घेतलं. पहिल्या वेळी वाटलं, पोरगं प्रार्थना मागतं आहे. दुसऱ्या वेळी हसू आलं. तुझा पणजोबाही असाच होता. मासा हवा असला की आभाळाचं कौतुक करायचा.

तोआकासेला कळवलं की ते कर्णधारपद मला आवडलं, मला दे. तिची काय बिशाद! लहानपणी ती माझ्यासमोर मान वर करत नव्हती. तेव्हा ते आता माझं झालं.

तुला वाटत असेल की म्हातारी ते घेईल आणि तुझ्याकडे धाडून देईल. असं आपल्यात कधी झालं आहे का? मी आयुष्यात कुणाची वस्तू परत केलेली नाही, आता नव्वदीत नवी खोड लावून घेणार नाही. पाद्रीबाबा म्हणतात कर्णधाराने स्वतः हजर राहावं लागतं. मी बोटीने येते. मोसेसेला सांग, मैदानाच्या मागे खड्डा खणून, दगड तापवून उमू पेटवायची आणि तीत माझं जेवण करायचं. माझ्या भावाच्या मुलाने मी आलेली असताना वर बाकावर बसून खेळ बघायचा, ही कुठली पद्धत? कोनफळं चांगली शिजव म्हणावं, मला दात नाहीत.

संघाला माझा हुकूम सांगून ठेव. चावायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, आणि चेंडूला लाथ मारायची नाही. वस्तू हातात दिली तर हातानेच न्यावी.

माझा लोभ आहे. जास्त मागू नकोस.

लेसिएली


एउआ,
ता. २८ जुलै

चि. लोपेतीस,

आशीर्वाद. वि. वि. माझ्या आत्यांनी मागितलं आणि मी तत्काळ दिलं. आनंदाने दिलं. आनंदाने माझं डोकं अजून दुखतं आहे. त्यांना या विषयाची आठवण कुणी करून दिली असेल याचा मी विचार करत नाही, कारण तो विचार केला तर तुझी सायकलही मला हवीशी वाटू लागेल.

नाफे मात्र खूप जेवतो आहे म्हणे. तुझ्याही आधी उठतो. म्हणजे पोराच्या डोक्यावर ओझं होतं आणि मला वाटत होतं की मुकुट आहे. हे मला आधी सांगायला हवं होतं, पण आत्याला कोण सांगणार!

सायकलचं बघ. लोभ आहे, थोडा फुगलेला आहे, बसेल.

तोआकासे आत्या


नुकुआलोफा,
ता. २४ ऑगस्ट

ती. बाबांस,

लोपेतीचा शि. सा. न. वि. वि. सामन्यानंतर मी तुम्हाला भेटलो नाही. बोट सुटेपर्यंत बंदरावरच्या गोदामात पोत्यांमागे बसून होतो. तुमच्यासमोर यायचं तोंड नव्हतं. तुम्ही मैदानामागे उमूच्या धुरात होतात, तुम्हाला काही दिसलं नसणार, म्हणून सगळं लिहितो. माझ्याच शहाणपणामुळे तुम्ही तिथे होतात. आजींना आठवण करून द्यायला कोण गेलं होतं? मीच.

आजी सगळ्यांच्या पुढे, काठी टेकत, आणि आम्ही पंधरा जण मागून पावलं मोजत निघालो. बँडवाल्यांनी एक भजन संपवलं, मग दुसरं घेतलं, तरी आम्ही मध्यरेषेवर पोचलो नव्हतो. मी ओळीत मागे होतो. पंचाने नाणं उडवलं ते आजींनी पदरात झेललं आणि पिशवीत टाकलं. पंच थांबून राहिला. त्याला वाटलं त्या परत देतील. तुम्हाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक होतं, त्याला सांगायला मात्र कुणी धजलं नाही. आजींनी सावलीची बाजू घेतली आणि रेषेजवळ चटई टाकून बसल्या.

नियमाप्रमाणे दर निर्णयाला कर्णधाराला विचारायचं. मी दर वेळी पळत जाऊन त्यांच्यासमोर मांडी घालून बसायचो आणि प्रश्न डाव्या कानात सांगायचो. पंच घड्याळ दाखवायचा, आजी त्याला पंखा दाखवायच्या. फिजीचा कर्णधारही एकदा चुकून येऊन मांडी घालून बसला. तोही बिचारा आपल्या आत्यांचाच भाचा असणार. आजींनी त्याला सांगितलं, तुमचा तो लांब पायांचा पोरगा कडेला रिकामा उभा आहे, त्याला चेंडू दे. त्याने दिला, पोरग्याने तो आमच्या रेषेपलीकडे टेकवला, आणि त्यांचा ट्राय झाला. हार्डिंग साहेबांनी डोक्यावर टॉवेल घेतला.

तरीही आम्ही झगडलो. नाफेची एकही फेक चुकली नाही. अगदी शेवटी आम्ही दोनच गुणांनी मागे होतो आणि पंचाने आम्हाला पेनल्टी दिली. खांब समोर होते. नुसती लाथ मारून चेंडू त्यांच्यामधून घातला असता तर तीन गुण मिळून जिंकलो असतो. मी आजींसमोर जाऊन बसलो. म्हटलं, लाथ मारायची परवानगी द्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, तुला स्वतःला काय करायचं आहे? बाबा, तीन महिन्यांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी एकदम खरं बोलून गेलो. म्हटलं, मला धावायचं आहे, त्या कोपऱ्याकडे, जिथून धूर येतो आहे. त्या म्हणाल्या, मग धाव, आणि पुन्हा विचारायला येऊ नकोस.

चेंडू हातात घेतला आणि धावलो. रेषा हातभर राहिली होती. गुडघ्याने साथ सोडली, चेंडू निसटला, शिट्टी वाजली. देशाचा सामना मी हरलो, कारण मला बापाने बघायला हवं होतं. एवढी वर्षं खेळलो आणि शेवटी लहान मुलासारखा वागलो. रस्त्यात लोक माझ्याशी बोलत नाहीत, ते बरं. बोलले असते तर काय सांगितलं असतं?

कळावे. लोभ असावा असं लिहायचा हक्क उरला असेल तर लिहिलं असं समजा.

आपला,
लोपेती


वावाऊ,
ता. ४ सप्टेंबर

लोपेती,

आशीर्वाद. तू पोत्यांमागे लपला होतास असं कळलं. तुझा आकार बघता पोती बरीच असणार.

रेडिओवर एक माणूस सारखा म्हणतो की पराभवाची जबाबदारी कर्णधाराची. बरोबर बोलतो. कर्णधार कोण होतं? मी. निर्णय कुणाच्या चटईवर झाला? माझ्या. तेव्हा तो पराभव माझा आहे. माझ्या भावाच्या घरातलं मला हवं ते मी घेऊ शकते, मला तो हवा आहे, मी घेतला. आता तुझ्याकडे शोधू नकोस, सापडणार नाही. कुणी रस्त्यात त्याबद्दल विचारलं तर सांग की तो वावाऊला लेसिएलीकडे आहे, बघायचा असेल तर बोटीने जा.

माझं इथे बरं चाललं आहे. लोक सांत्वनाला येतात, येताना पाव आणि खाऱ्या मांसाचे डबे आणतात. मी पडवीत बसून सगळ्यांना सांगते की हो, मीच हरले, कोपऱ्याकडे धावा असं मीच म्हटलं. परवा एकजण रागावून बोलायला आला होता. मी त्याच्या आईला ओळखते हे कळल्यावर तोही पाव ठेवून गेला.

तोआकासेने पत्र पाठवलं की पराभव तिला मिळावा, कर्णधारपद मुळात तिने आणलं होतं. मी कळवलं, मिळणार नाही. आता ती माझ्या मरणाची वाट बघत असेल. निवड समितीची दोन माणसं नव्या मोसमाचं विचारायला आली होती. मी म्हटलं, विचार करते. नाणं मात्र चांगलं आहे.

तुझा तो गुडघाही मागून घेणार होते. पण तसले दोन माझ्याकडे आधीच आहेत.

लोभ आहे. या वेळी थोडा जास्त मागितलास तरी चालेल.

लेसिएली


लिफुका बेट,
ता. १२ सप्टेंबर

चि. लोपेतीस,

बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि. बोट जातानाही लागली, येतानाही लागली. मधल्या दिवसात बरा होतो.

आधी तोआकासेचा निरोप. तिला पराभव मिळाला नाही म्हणून फार मनाला लागलं आहे. म्हणते, निदान त्या दिवशी लोपेतीने घातलेली जर्सी तरी पाठवा, आणि धुवू नका. नाफेने ती मासे धरायला मागितली तर त्याला उंबऱ्यात उभं करणार नाही म्हणते. पाठवून दे.

आता तुझ्या पत्राबद्दल. मी धुरात होतो म्हणून मला काही दिसलं नसेल, असं तू लिहितोस. मी तुला एक गोष्ट सांगतो, ती इतरांना सांगू नकोस. लेसिएली आत्यांना मी त्या दिवशी करपलेलं कोनफळ वाढलं. माझ्या हातून जन्मात असं झालं नव्हतं. उमू उघडायची वेळ आली तेव्हा मी कुंपणावर चढलो होतो. खालून बाकीचे स्वयंपाकी ओरडत होते, मोसेसे, जळतं आहे, खाली उतर. मी म्हटलं, जळू दे, तो माझा मुलगा आहे.

तू ओळीत कितवा होतास ते मी मोजलं नाही. पंधरा जणांत मला एकटा तूच दिसत होतास. मग तू कोपऱ्याकडे धावत निघालास, सरळ माझ्याकडे तोंड करून, लहानपणी शाळेतून यायचास तसा. चेंडू निसटला तो मी पाहिला नाही. डोळ्यांत धूर गेला होता.

आत्यांनी ते कोनफळ सगळं खाल्लं, काळी बाजूसुद्धा. का करपलं म्हणून विचारलं नाही. आणखी आहे का, म्हणाल्या.

तू घरी ये. तुझ्या आईने नवा लेप केला आहे. कळावे. माझा लोभ तुझ्यावर आहे, तो नीट जपून ठेव. हा मात्र कुणी मागितला तरी द्यायचा नाही, आत्यालाही नाही.

तुझा,
मोसेसे